हृदयापर्यंत नळी नेणारा डॉक्टर : वेर्नर फोर्समान



रक्ताभिसरण संस्था शिकवताना एक प्रश्न आपण सगळेच हमखास विचारतो. शिरांमधून ऑक्सिजन कमी असलेले रक्त हृदयाकडे येते, याला अपवाद कोणता? हुशार मुले लगेच हात वर करतात आणि फुफ्फुसशिरा असे उत्तर देतात. एक गुण मिळतो आणि धडा पुढे सरकतो.

आज या एका गुणाच्या प्रश्नापाशी जरा थांबूया. फुफ्फुसांत ऑक्सिजन घेतलेले रक्त साधारणपणे चार फुफ्फुसशिरांमधून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या कर्णिकेत येते. तिथून ते साऱ्या शरीराला मिळते. आता विचार करा, एखाद्या तान्ह्या बाळाच्या या शिराच अरुंद असतील तर काय होईल? शेतातल्या पाटात गाळ साचला की पाणी मागे तुंबते ना, तसे रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते. बाळाला धाप लागते, दूध ओढवत नाही, वजन वाढत नाही. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाल्यासारखे वाटते. आजार दुर्मीळ आहे, पण फार चिवट आहे.

अशा बाळाची छाती न उघडता आज डॉक्टर जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयात नेतात आणि तिच्या टोकावरचा फुगा फुगवून अरुंद झालेली शीर रुंद करतात. या नळीला कॅथेटर म्हणतात. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी होते, तीही अशाच नळीने. पण जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालायची, हे पहिल्यांदा कोणी केले? कोणाच्या हृदयात केले? आणि त्याचे पुढे काय झाले? आजचा जीवन-परिचय त्या माणसाचा आहे. नाव डॉ. वेर्नर फोर्समान.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट सरळ आदर्श पुरुषाची नाही. तिच्यात धाडस आहे, तशी फसवणूकही आहे आणि एक काळा डागही आहे. मुलांना सांगताना तो भाग गाळू नका.

बालपण आणि शिक्षण

वेर्नर फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी जर्मनीची राजधानी बर्लिन इथे झाला. आईवडिलांचा हा एकुलता एक मुलगा. वडील कायदा शिकलेले आणि विमा कंपनीत नोकरीला होते. घर तसे खाऊनपिऊन सुखी. पण १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, वडील सैन्यात गेले आणि १९१६ मध्ये लढाईत मारले गेले. वेर्नर तेव्हा अवघा अकरा-बारा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलाएवढा.

त्या युद्धाची झळ आपल्या नगरलाही लागली होती बरं का. भारतात राहणाऱ्या जर्मन नागरिकांना ब्रिटिश सरकारने पकडून नगरच्या छावणीत ठेवले होते. इकडे नगरमध्ये जर्मन माणसे तारांच्या कुंपणाआड दिवस मोजत होती आणि तिकडे बर्लिनमध्ये एक मुलगा वडिलांविना मोठा होत होता. इतिहासाचा धडा शिकवताना हा धागा नक्की वापरा. जग किती जवळ असते ते मुलांना पटकन कळते.

वडील गेल्यावर आईने कचेरीत नोकरी धरली आणि आजीने घर सांभाळले. नात्यातले एक काका खेड्याकडे डॉक्टरकी करत. त्यांच्यामुळे वेर्नरच्या मनात वैद्यकीची ओढ निर्माण झाली. शाळा संपल्यावर त्याने बर्लिन विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला आणि १९२९ च्या सुमारास तो डॉक्टर होऊन बाहेर पडला.

शिकत असताना पाहिलेले एक चित्र त्याच्या डोक्यातून जात नव्हते. १८६१ मध्ये शोव्हो आणि मारे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून नळी आत सरकवून थेट हृदयातला दाब मोजला होता. त्या प्रयोगाचे ते चित्र. घोड्याला काही झाले नव्हते. मग हेच माणसाच्या बाबतीत का होऊ नये, हा प्रश्न या तरुणाला पडला.

प्रश्न नेमका काय होता?

त्या काळी हृदय म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवासारखे होते, हात लावायचा नाही. एखाद्याचे हृदय बंद पडायला लागले, तर शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर छातीत बाहेरून लांब सुई खुपसून औषध देत. सुई नेमकी कुठे लागेल याचा भरवसा नसे. फुफ्फुसाला इजा होई, हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी फाटे आणि आतल्या आत रक्तस्राव होई.

फोर्समान यांचा विचार साधा होता. हाताच्या कोपरापाशी दिसणारी शीर शेवटी हृदयाकडेच जाते. ओढ्याकाठाने चालत राहिले की नदी लागते, तसेच हे. मग त्याच वाटेने एक लवचीक नळी आत सरकवली, तर ती न चुकता हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोहोचेल आणि औषध थेट तिथे देता येईल. छातीला भोक पाडायची गरजच उरणार नाही.

नोकरी मिळाली ती बर्लिनपासून साधारण पन्नास किलोमीटरवर असलेल्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात. तिथले प्रमुख डॉ. रिचर्ड श्नायडर हे घरोब्याचे होते. फोर्समान यांनी त्यांच्यापुढे कल्पना मांडली. रुग्णावर हा प्रयोग करायला श्नायडर यांनी परवानगी नाकारली. मग स्वतःवर करतो, असे फोर्समान म्हणाले. त्यालाही नकारच मिळाला. नवरा युद्धात गमावलेल्या आईचा हा एकुलता एक मुलगा. त्याला काही झाले तर तिला तोंड कसे दाखवायचे? श्नायडर यांचा नकार चुकीचा होता, असे म्हणता येईल का? तुम्हीच विचार करा. आपण त्यांच्या खुर्चीत असतो तर काय केले असते?

१९२९ चा उन्हाळा

फोर्समान यांनी परवानगीशिवायच प्रयोग करायचे ठरवले. अडचण एवढीच की निर्जंतुक उपकरणांचे कपाट शस्त्रक्रिया विभागातल्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होते. फोर्समान त्यांच्याशी या विषयावर बोलू लागले, पुस्तके दाखवू लागले. हळूहळू सिस्टर गेर्डा यांना कल्पना पटली. इतकी पटली, की प्रयोग माझ्यावर करा, असे त्यांनीच सुचवले.

दुपारची वेळ होती. रुग्णालय सुस्तावले होते. फोर्समान यांनी सिस्टर गेर्डा यांना टेबलावर झोपवले आणि हातपाय पट्ट्यांनी बांधले. त्यांच्या हातावर औषध लावून तयारी केल्यासारखे दाखवले आणि त्यांच्या नजरेआड स्वतःच्या डाव्या कोपरापाशी भूल दिली. भूल चढल्यावर तिथली शीर उघडली. मूत्रवाहिनीसाठी वापरायची एक बारीक लांब नळी तिच्यातून ते आत सरकवू लागले. सिस्टरना खरा प्रकार कळला तेव्हा नळी बरीच आत गेली होती. त्या चिडल्या, पण आता दुसरा मार्ग नव्हता. फोर्समान यांनी त्यांचे बंध सोडले आणि त्यांना बरोबर घेतले.

नळी हृदयापर्यंत गेली हे सिद्ध कसे करायचे? क्ष-किरण चित्राशिवाय कोण विश्वास ठेवणार? क्ष-किरणांची खोली तळघरात होती. हातात नळी लोंबत असताना हा माणूस जिने उतरून खाली गेला. पडद्यावरची प्रतिमा त्याला दिसावी म्हणून एका परिचारिकेने समोर आरसा धरला. इतक्यात त्याचा सहकारी डॉ. पेटर रोमाइस धावत आला आणि हा काय वेडेपणा म्हणून नळी ओढून काढायला लागला. फोर्समान यांनी त्याला लाथा मारून दूर ठेवले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. आरशात बघत बघत त्यांनी नळी आणखी आत ढकलली. ६५ सेंटिमीटर आत गेल्यावर तिचे टोक उजव्या कर्णिकेत दिसले. चित्र काढले गेले. आज ते चित्र वैद्यकाच्या इतिहासातल्या पुस्तकांत छापलेले असते.

आता एवढी गोष्ट ऐकून वर्गात टाळ्या पडतील. पडू द्या. पण त्यानंतर मुलांना विचारा, सिस्टर गेर्डा यांच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट कशी दिसते? त्यांनी विश्वासाने स्वतःचा जीव पुढे केला आणि त्यांना बांधून ठेवून फसवले गेले. धोका त्यांच्यावर आला नाही, डॉक्टरांनी तो स्वतःवर घेतला, हे खरे. तरी विश्वास मोडला हेही तितकेच खरे. आज कोणताही वैद्यकीय प्रयोग करण्यापूर्वी समितीची मंजुरी लागते आणि ज्याच्यावर प्रयोग होणार त्याची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते. असे नियम का असतात, ते या प्रसंगातून मुलांना आपोआप समजेल.

कौतुक कमी, टीका जास्त

श्नायडर आधी रागावले, पण चित्र पाहिल्यावर त्यांना या कामाचे मोल कळले. त्यांनी निबंध लिहायला प्रोत्साहन दिले आणि फोर्समान यांना बर्लिनच्या सुप्रसिद्ध शारिटे रुग्णालयात पाठवले. तिथे फर्डिनांड झाउअरब्रुख हे त्या काळातले फार मोठे शल्यविशारद होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये फोर्समान यांचा निबंध एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. वर्तमानपत्रांनी त्याची चटकदार बातमी केली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी हा शोध आधी आपलाच, असा दावा ठोकला. झाउअरब्रुख यांना हा गाजावाजा मुळीच रुचला नाही. असले खेळ सर्कशीत शोभतील, नामांकित रुग्णालयात नाही, असा त्यांचा सूर होता. फोर्समान यांना जागा सोडावी लागली.

ते पुन्हा एबर्सवाल्डेला आले, पण प्रयोग सोडले नाहीत. पुढचा प्रश्न होता हृदयाच्या आतले चित्र मिळवण्याचा. क्ष-किरणांत हृदय सावलीसारखे दिसते, आतले कप्पे वेगळे कळत नाहीत. नळीतून एखादे रंगद्रव्य आत सोडले, तर रक्ताची वाट चित्रात उमटेल, असे त्यांना वाटले. त्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्रे ठेवायला प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून ते आईच्या बर्लिनच्या घरात ठेवले. कुत्र्याला गुंगीचे औषध द्यायचे आणि मोटारसायकलवरून रुग्णालयात न्यायचे! त्या माऊलीने हे सगळे घरात कसे चालवून घेतले असेल? नंतर त्यांनी ते द्रव्य स्वतःच्या हृदयातही सोडून पाहिले. चित्रे काही फार स्पष्ट आली नाहीत, पण आजच्या अँजिओग्राफीची कल्पना तीच आहे.

एवढे करूनही कोणी दखल घेतली नाही. हृदयरोगाच्या क्षेत्रात आपल्याला दार उघडणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि ते मूत्रविकारांच्या शाखेकडे वळले. विचार करा, ज्या नळीने हृदयाचा रस्ता दाखवला ती मूळची मूत्रवाहिनीची, आणि तिचा वाटाड्याही शेवटी तिकडेच गेला.

संसार, पक्ष आणि युद्ध

माइन्झ शहरात काम करताना त्यांची एल्सबेट एंगेल या डॉक्टर तरुणीशी ओळख झाली आणि १९३३ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे त्यांना सहा मुले झाली. एल्सबेट स्वतः डॉक्टर होत्या. घराला त्यांनी कसे तारले ते पुढे येईलच.

आता तो काळा डाग. १९३२ मध्ये फोर्समान नाझी पक्षाचे सदस्य झाले. जर्मनीतल्या कितीतरी डॉक्टरांनी त्या काळात हेच केले. इतर करत होते म्हणून ते योग्य ठरत नाही. याच राजवटीने ज्यू डॉक्टरांना कामावरून काढले, लाखो माणसांना छावण्यांत मारले. फोर्समान यांचा शोध मोठा आहे, म्हणून ही निवड झाकायची गरज नाही. आणि ही निवड चुकीची आहे, म्हणून शोध खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे आठवी-नववीची मुले नीट समजून घेतात. आपणच उगाच घाबरतो.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून गेले आणि शेवटी अमेरिकनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचले. १९४५ मध्ये सुटका झाली. पण पक्षाच्या सदस्यत्वामुळे काही वर्षे त्यांना डॉक्टरकी करता आली नाही. या काळात एल्सबेट यांनी ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या एका खेड्यात दवाखाना चालवला आणि घर सावरले. फोर्समान यांनी काही काळ जंगलात लाकूडतोडीचे कामही केले. १९५० मध्ये दोघांनी बाड क्रॉइत्सनाख या गावी स्थिरावून दवाखाना सुरू केला. हृदयात पहिली नळी नेणारा माणूस तिथे मूत्रविकारांचे रुग्ण तपासत दिवस काढू लागला.

दूर कोणीतरी वाचत होते

इकडे ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल यांना आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदी केले गेले. शाळेच्या सहलीत आपण मुलांना त्या खोल्या दाखवतो. त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दोन डॉक्टर एका जुन्या जर्मन निबंधाच्या आधारे काम करत होते. एक होते मूळचे फ्रान्सचे आंद्रे कूर्नां आणि दुसरे अमेरिकेचे डिकिन्सन रिचर्ड्स. फोर्समान यांनी दाखवलेल्या वाटेने ते रुग्णांच्या हृदयात नळी नेत, आतला दाब मोजत, रक्ताचे नमुने घेऊन त्यातला ऑक्सिजन तपासत. हृदयाच्या कोणत्या कप्प्यात काय बिघडले आहे, हे पहिल्यांदाच आकड्यांत कळू लागले. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ही माहिती म्हणजे अंधारात कंदील मिळाल्यासारखी होती.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर तिसरे नाव होते वेर्नर फोर्समान. सत्तावीस वर्षे मध्ये गेली होती. गावातला एक डॉक्टर एका दिवसात जगप्रसिद्ध झाला. पुढे १९५८ मध्ये त्यांना ड्युसेलडोर्फच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद मिळाले. मात्र मधल्या काळात हृदयविज्ञान इतके पुढे गेले होते, की आता त्या शाखेत परत जाणे त्यांना शक्य नव्हते. १९७२ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव स्वतःवरचा प्रयोग अशा अर्थाचे आहे. १ जून १९७९ रोजी शोफहाइम इथे त्यांचे निधन झाले. कारण होते हृदयविकार. एबर्सवाल्डेच्या त्या रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे.

नळी मुलांच्या हृदयापर्यंत कशी आली?

फोर्समान यांची नळी फक्त पोहोचत होती. पुढच्यांनी तिला काम करायला शिकवले. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायातली अरुंद झालेली धमनी नळीनेच रुंद केली आणि कापावा लागणारा पाय वाचवला. १९६६ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकिंड यांनी निळ्या पडलेल्या नवजात बाळांच्या हृदयात टोकाला फुगा असलेली नळी नेली आणि दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा उघडून रक्त मिसळायला वाट करून दिली. १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाला रक्त पुरवणारी अरुंद धमनी फुग्याने मोकळी केली. १९८२ मध्ये बाल्टिमोरला जीन कान यांनी लहान मुलाची अरुंद झालेली फुफ्फुसधमनीची झडप फुग्याने उघडली. यांतले शेवटचे पाऊल तेवढे फोर्समान यांच्या निधनानंतरचे.

अरुंद फुफ्फुसशिरांपर्यंत जायची वाट मात्र यापेक्षाही अवघड आहे. फळ्यावर हृदयाची आकृती काढून बघा. जांघेतल्या शिरेतून नळी वर सरकली की उजव्या कर्णिकेत येते. फुफ्फुसशिरा उघडतात डाव्या कर्णिकेत. मध्ये पडदा आहे. काही बाळांच्या पडद्यात जन्मापासूनची फट असते, नाहीतर सुईने बारीक छिद्र करावे लागते. त्यातून नळी पलीकडे जाते आणि अरुंद शिरेच्या तोंडाशी पोहोचते. रंगद्रव्य सोडून चित्र घेतात, फुगा काही सेकंद फुगवतात, पुन्हा चित्र घेतात. कधी शीर उघडी राहावी म्हणून तिथे बारीक जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवतात.

एकदा फुगा फुगवला की झाले, असेही नाही. या शिरांच्या भिंतीत पेशी वाढत राहतात आणि काही महिन्यांत शीर पुन्हा आकसू शकते. मग पुन्हा नळी, पुन्हा फुगा. शिवाय बाळ वाढते, पण स्टेंट आपोआप वाढत नाही. तोही पुढे फुग्याने रुंद करावा लागतो. पेशींची वाढ रोखणारी औषधे दिली जातात, काही मुलांना शस्त्रक्रियाही लागते. इतके करूनही सगळीच मुले वाचत नाहीत. म्हणून अशा मुलाच्या आईवडिलांना अर्धवट धीर देण्यापेक्षा फेऱ्या चुकवू नका हे सांगणे जास्त उपयोगाचे आहे. वेळेवर लक्षात आलेल्या बाळाला निदान संधी तरी मिळते.

यात आपले काम कोणते?

फोर्समान यांच्या आयुष्यातून मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वाट १९२९ मध्येच सापडली होती. पण ती कोणी पाहिली नाही, म्हणून दहा-बारा वर्षे ती तशीच पडून राहिली. मुलांच्या आजारांचेही असेच होते. उपचार शहरात असतो, तज्ज्ञ असतात, नळी असते, फुगा असतो. पण ते मूल दुखणेकरी आहे हे आधी कोणाच्या तरी नजरेला पडावे लागते. ती नजर आईची असते, अंगणवाडी ताईंची असते, आपली असते.

साधारणपणे जन्मलेल्या हजार बाळांपैकी आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यातला फुफ्फुसशिरांचा दोष अगदी थोड्यांना असतो, आणि तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्रास देऊ लागतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये तो विशेष आढळतो. म्हणून धाकट्या भावंडांकडेही लक्ष असू द्या. पुढील खुणा लक्षात ठेवा :

- दूध पिताना दमणे, कपाळाला घाम येणे, मध्येच पिणे सोडून देणे.
- वजन न वाढणे, श्वास सतत जलद असणे.
- ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसणे.
- पुन्हा पुन्हा छाती भरणे, न्यूमोनियाचे उपचार घेऊनही पूर्ण बरे न वाटणे.
- शाळेतल्या मुलाने खेळाच्या तासाला थोडे पळून खाली बसणे, जिना चढताना थांबणे.
- खोकल्यातून रक्त येणे किंवा खेळताना चक्कर येऊन पडणे. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे हृदयाचाच आजार, असे समजून घाबरू नका. निदान डॉक्टर करतील. मुलाला आळशी, चुकार असा शिक्का मारण्याआधी त्याला तपासून घ्या, एवढेच आपले काम.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि गरज पडल्यास पुढच्या तपासणीची व उपचारांची सोय लावली जाते. आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्यांपासून जामखेडपर्यंत पसरलेला. त्यातून पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे हंगामात मुलांना घेऊन कारखान्यावर जातात. पथक शाळेत येते त्या दिवशी नेमके तेच मूल गैरहजर असते. हजेरीत त्याच्यापुढे फक्त गैरहजेरीची खूण पडते. म्हणून तपासणीच्या दिवशी जी मुले नव्हती त्यांची वेगळी यादी करा. ती परत आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पथकाकडे त्यांचे नाव आवर्जून द्या. काम दहा मिनिटांचे आहे.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एक विनंती. शिक्षकांनी किंवा अंगणवाडी ताईंनी मूल धापा टाकते असे सांगितले, तर राग मानू नका. नजर लागली, अशक्तपणा आहे, मोठे झाले की सुटेल, असे म्हणत महिने घालवू नका. डॉक्टरांनी टू-डी इको करायला सांगितले तर तो वेदना न होणारा, पोटाच्या सोनोग्राफीसारखाच तपास आहे. तो करून घ्या.

वर्गासाठी छोटे काम : सातवी-आठवीच्या मुलांना हृदयाची आकृती देऊन कोपराच्या शिरेपासून उजव्या कर्णिकेपर्यंतची वाट लाल पेन्सिलीने आणि जांघेच्या शिरेपासून फुफ्फुसशिरेपर्यंतची वाट निळ्या पेन्सिलीने काढायला सांगा. दुसरी वाट काढताना मधल्या पडद्यापाशी त्यांची पेन्सिल अडेल. तिथे थांबून त्यांनाच विचारा, आता पुढे कसे जायचे? उत्तर त्यांना शोधू द्या. नंतर फोर्समान यांची गोष्ट सांगा, सिस्टर गेर्डा आणि एल्सबेट यांच्यासकट.